तार ओढून पाहणारी रत्नमाला

रत्नमाला वानखडे आमच्या कॉलेजात संगणक शिकवायला रुजू झाली तेव्हा मी तिला आधी पाहिलं नाही, ऐकलं. माझं ग्रंथालय आणि संगणकाची प्रयोगशाळा यांच्यात एकच भिंत, आणि तीही वरच्या अंगाला जाळीची. पलीकडे कुणी खुर्ची सरकवली तरी इकडे कळायचं. त्या सकाळी जाळीतून एक खणखणीत आवाज आला, "अगं माय! हे तं झोपूनच हाये!" आणि त्याच्या मागोमाग असं मोकळं हसू आलं, की वाचनकक्षात पेपर उघडून बसलेले दोन प्राध्यापक दचकून एकमेकांकडे पाहू लागले.

आमचं कॉलेज चिखलीचं. प्रयोगशाळेतले संगणक कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेले, आमच्या वाट्याला आलेले. नवी, जड प्रणाली त्यांना पेलायची नाही म्हणून त्यांच्यावर लिनक्स टाकलेलं. कोपऱ्यात एक मोठं मशीन होतं, त्याला सगळे सर्व्हर म्हणायचे. मुलांच्या फाइली त्याच्यातच असायच्या, बाकीचे संगणक जाळ्यातून त्याच्याशी बोलायचे. तो बोलला तर प्रयोगशाळा चालू, नाही बोलला तर सगळे संगणक नुसते काचेचे चौकोन.

आणि त्या मशीनची एक खोड होती. वीज गेली आणि परत आली, की ते आपोआप सुरू व्हायचं, पंखा घुमायचा, दिवे लुकलुकायचे, पण जाळ्याशी त्याचं नातं जुळायचं नाही. मग देशमुख सरांना बोलवावं लागायचं.

देशमुख सर गणिताचे. प्रयोगशाळा त्यांच्याकडे दुसरं कुणी घेईना म्हणून आलेली. ते सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, नळावर हात धुवायचे, सर्व्हरपुढे उभे राहायचे आणि पाठ असलेली एक आज्ञा टाइप करायचे. मग जाळं जागं व्हायचं. ज्या पोराने ती यंत्रणा बसवून दिली होती तो पुण्याला निघून गेला होता, जाताना ही आज्ञा तेवढी सरांना पढवून गेला होता. सर ती पूजेसारखी करायचे. दिवसातून वीज जितक्यांदा जाईल तितक्यांदा, वर्गावर असले तर खडू हातात घेऊन, सर जिना उतरून येत. मुलं म्हणायची, "सर आले का नेट येते." सर मुलीकडे नागपूरला गेले की प्रयोगशाळेलाही आपोआप सुटी.

त्या सकाळी मी दारातून डोकावले तर एक ठेंगणी, सावळी मुलगी सर्व्हरपुढच्या स्टुलावर बसलेली. बाह्या कोपरापर्यंत वर, आणि लोक पेन खोचतात तिथे कानामागे वीज तपासायचा टेस्टर. शेजारी देशमुख सर, चेहऱ्यावर देवघरात परका माणूस शिरल्यासारखा भाव.

"सर, तुम्ही हे रोज टाइप करता?" तिने विचारलं.

"रोज म्हंजे? सुटीच्या दिवशीबी येतो कधी कधी. ते म्हटलं का ते उठते."

"इकडे पाहा सर. मशीनले जाळ्याशी जोडते ना, त्या नेटवर्कच्या कार्डाविषयी या फाइलीत लिहून ठेवलं हाये. ही ओळ वाचा."

सरांनी चष्मा वर करून वाचलं. ONBOOT=no.

"म्हंजे कोनीतरी या कार्डाले सांगून ठेवलं, का मशीन चालू झालं तरी तू उठू नको, कोनी उठवलं तरच ऊठ. बिचारं आज्ञा पाळून राह्यलं. त्याचा काय दोष?"

ती स्टुलावरून उठली आणि सरांना बसवलं. "तुमच्या हातानं करा. नो काढा, येस लिहा."

सरांनी एका बोटाने तीन अक्षरं लिहिली. तिने ते जतन करून मशीन बंद केलं, ती टेबलाखाली गेली, आणि आम्हाला काही कळायच्या आत तिने सर्व्हरची तार भिंतीतून ओढून काढली. सर ओरडले, "ओ बाई! काय करून राह्यल्या!" तोवर तिने तार परत लावली होती. हात झटकत ती बाहेर आली ती थेट माझ्या ग्रंथालयात. मी मागोमाग येऊन बसले, तशी ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"ताई, मले जरा इथं बसू द्या. तिथं राह्यली तं हात शिवशिवते."

"काय झालं?"

"काही नाई. ते आपलं आपन उठते का, ते पाहून राह्यली."

"मग आत जाऊन पाहा ना."

"तसं नाई ताई. मी बाजूले उभी राह्यल्यावर उठलं, त्याले काय अर्थ हाये? कोनी नसतानी उठलं पाह्यजे."

आम्ही दोघी जाळीकडे कान लावून बसलो. पंखा घुमल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग देशमुख सरांचा आवाज, तारसप्तकात, "उठलं! ओ मॅडम, उठलं! म्या हातबी नाई लावला!"

तिने मांड्यांखालचे हात काढले, मला टाळी दिली आणि म्हणाली, "मी रत्नमाला. धाड गावची."

आमची ओळख झाली ती अशी.

पुढे कळलं की तार ओढणं ही तिची रीतच होती. काम कितीही लहान असो, ते चालू झाल्यावर ती कधी "झालं" म्हणायची नाही. मशीन नीट बंद करायची, तार ओढायची, परत लावायची आणि माझ्याकडे येऊन बसायची. आपल्याशिवाय ते उभं राहिलं, तरच काम झालं. कार्यालयातले लोक वैतागायचे. चालू झालेलं मशीन ही बाई पुन्हा बंद का करते, हे त्यांना उमगत नसे. एकदा बडे बाबू म्हणाले, "अहो मॅडम, चालून राह्यलं ना! काऊन हात लावता?" ती म्हणाली, "आज चालून राह्यलं, बाबू. सोमवारी सकाळी तुम्ही मले फोन करू नये म्हून हात लावून राह्यली."

विद्यार्थ्यांशीही तसंच. ती एखादं काम समजावून द्यायची, एखादं मशीन मुद्दाम बिघडवून ठेवायची, आणि सगळ्यांना आत सोडून माझ्याकडे यायची. मग जाळीतून नुसतं ऐकत राहायची. कोणाचा आवाज कुठल्या मशीनपाशी, कोण कुणाचं पाहून लिहितंय, तिला सगळं कळायचं.

"आता प्रतीक्षा रडन," एका विद्यार्थिनीचं नाव घेऊन ती हळूच म्हणायची. "थांबा, नाई रडत. आता कीबोर्डवर राग काढून राह्यली. चांगलं हाये. राग आला म्हंजे जवळ आली."

"जा ना, सांग तिला," मी म्हणे. मला ते ऐकवत नसे.

"नाई. भाकर काढा ताई."

आणि आम्ही डबे उघडायचो. तिच्या डब्यात भाकर, भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. ठेच्याचा हात कीबोर्डला लागू नये म्हणून ती साबणाने इतक्यांदा हात धुवायची, की तिच्या बोटांना कायम मोगऱ्याच्या साबणाचा वास यायचा. जेवण अर्धं झालं असेल नसेल, तोच पलीकडून प्रतीक्षाची किंकाळी यायची, आनंदाची. रत्नमाला घास तसाच हातात धरून भिंतीकडे बघत हसायची. आत मात्र जायची नाही. पोरगी स्वतः धावत सांगायला येईपर्यंत थांबायची, आणि ती आली की असा चेहरा करायची जणू तिला काहीच ठाऊक नाही. "काय म्हनतं! उठलं? तुझ्या हातानं? बस इथं, ठेचा खा."

तिची बोली ती कुठेच बदलत नसे. एकदा कॉलेजने तिला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. पहिल्याच दिवशी तिने शंका विचारली, "सर, माझं कार्ड उठून नाई राह्यलं." वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरच्या एकाने तिची नक्कलही केली. हे तिनेच मला परत आल्यावर सांगितलं, आणि सांगताना स्वतःच पोट धरून हसत होती.

"तुला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी वाटलं थोडंसं. मंग मी म्हटलं, तुमच्यात याले काय म्हनता? तो म्हने, इंटरफेस कार्यान्वित होत नाहीये. म्या म्हटलं, एवढं म्हनेपर्यंत आमच्याकडची वीज जाते!" ती पुन्हा हसली. "ताई, शेवटच्या दिवशी सगळा वर्ग 'उठून राह्यलं, उठून राह्यलं' करत होता. शिकवनारे सरबी. ज्यानं नक्कल केली ना, तो तं अजूनही फोनवर पहिले तेच विचारते, का हो मॅडम, उठून राह्यलं का?"

देशमुख सरांचं मात्र थोडं अवघड झालं. सर्व्हर आपोआप उठायला लागला आणि त्यांची सकाळ रिकामी झाली. तरी ते यायचे. नळावर हात धुवायचे, मग हात पुसत सर्व्हरपुढे उभे राहायचे, आणि तो चालूच आहे हे पाहून मागे हात बांधून खिडकीबाहेर बघायचे. मला ते जाळीखालच्या दारातून दिसायचं. 

मग एक दिवस रत्नमालाने सर्व्हरमध्ये दुसरं कार्ड बसवलं. मुलांना सरावासाठी एक छोटं वेगळं जाळं हवं होतं. त्यात सर्व्हर या कार्डातून सरावाच्या मशीनांना पत्ते वाटणार, म्हणजे कोण कुठल्या क्रमांकाचं ते ठरवून देणार. ती सरांना म्हणाली, "सर, हे दुसरं कार्ड मी नो वर ठेवलं हाये. प्रॅक्टिकल सुरू झालं का तुम्ही उठवायचं, संपलं का झोपवायचं. हे तुमच्याकडे."

सरांचा चेहरा असा उजळला, की दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

डबा खाताना मी म्हटलं, "सरांचं मन राखायला केलंस ना?"

ती गंभीर झाली. तिला गंभीर झालेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. "नाई ताई. ते खरंच नो पाह्यजे. वेगळा स्विच मागतला, म्हंजे जाळ्याच्या तारा जोडाची पेटी, तो अजून भेटला नाई. दोन्ही जाळी एकाच स्विचवर हायेत. हे कार्ड आपोआप उठलं तं पोट्ट्यांचे पत्ते साऱ्या कॉलेजले वाटत सुटन." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "आता त्यात सरांचं मनबी राखल्या गेलं, तं काय वाईट झालं?"

ती म्हणाली तसंच झालं, आणि तेही प्रवेशाच्या दिवशी.

सरांना 'येस' या शब्दाचा लळा लागला होता. त्या एका शब्दाने आपला इतक्या वर्षांचा जिना वाचला, याचं त्यांना अप्रूप होतं. रत्नमाला बुलढाण्याला मीटिंगला गेली होती, तेव्हा तिला तेवढीच मदत म्हणून त्यांनी दुसऱ्या कार्डाचंही येस करून टाकलं. त्या दिवशी काहीच झालं नाही. पुढच्या सकाळी वीज गेली, आली, सर्व्हर उठला, दोन्ही कार्डं उठली, आणि सरावाचं जाळं मोठ्या उत्साहाने साऱ्या कॉलेजला पत्ते वाटू लागलं. कार्यालयाचे संगणक आपल्या जाळ्यातून हरवले. प्राचार्यांचा हरवला. प्रवेशाची रांग फाटकापर्यंत गेली. खेड्यांतून आलेले आईबाप उन्हात उभे, दुपारच्या गाडीने परतायची त्यांची घाई, आणि खिडकीतले बाबू कपाळाला हात लावून बसलेले.

प्राचार्य स्वतः प्रयोगशाळेत आले. रत्नमाला तोवर कार्यालयातल्या एका मशीनपाशी जाऊन आली होती. पडद्यावरचा क्रमांक पाहून ती म्हणाली होती, "हा पत्ता तं माझ्या पोट्ट्यांचा हाये! हा इथं कसा आला?" आणि पळत येऊन तिने दुसरं कार्ड झोपवलं, फाइल उघडली, आणि येस पाहिलं. तिने मान वळवून देशमुख सरांकडे पाहिलं. सर स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले.

"कोणी केलं हे?" प्राचार्यांनी विचारलं.

"सर, मी कवापासून वेगळा स्विच मागून राह्यली," रत्नमाला घाईघाईने म्हणाली. "तो काऊन पाह्यजे हे आज तुम्ही डोळ्यानं पाह्यलं."

"ते ठीक आहे, पण केलं कोणी?"

देशमुख सर उठले. "मी केलं."

 आमचे प्राचार्य याच कॉलेजात शिकलेले, आणि गणित देशमुख सरांकडेच. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "मी उदाहरण चुकवलं का तुम्ही मला वर्गाबाहेर उभं करायचे. आता मी तुम्हाला कुठं उभं करू?"

सगळ्यात आधी हसली ती रत्नमाला. मग सर स्वतः, मग प्राचार्य. कार्यालयातून कुणीतरी ओरडलं, "साहेब, आलं! चालू झालं!" रांग हलली. स्विच त्याच आठवड्यात आला. सरांनी नवीन स्विचचं खोकं स्वतःच्या हाताने उघडलं, आणि दुसरं कार्ड परत नो करताना सगळ्या मुलांना बोलावून सांगितलं, "पोट्टेहो, नो हेबी उत्तरच असते. माझ्यासारखं करू नका."

आता तिच्या लग्नाचं सांगते.

नवरा मुलगा संदीप गवई, मोताळ्याच्या शाळेत शिक्षक. उंच, अबोल, ती बोलत असली की नुसता तिच्याकडे पाहून हसणारा. लग्न धाडला, तिच्या घरापुढच्या मैदानात. तारीख केव्हाची ठरलेली. आणि विद्यापीठाने पुढे ढकललेली प्रात्यक्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवशी येऊन पडली. बाहेरून परीक्षक येणार, ते संध्याकाळी दुसऱ्या गावी जाणार. त्या दिवशी परीक्षा झाली नाही तर मुलांची पुढची खेप कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. बऱ्याच मुलींच्या घरी तर पुढच्या खेपेपर्यंत थांबण्याची शक्यताच नव्हती. देशमुख सर म्हणाले, "तू बिनघोर लग्न कर पोरी. मी हाये." ते लग्नाला आले नाहीत. मी गेले.

मांडवात पंखे लावलेले, पुढे बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, फुलं. रत्नमाला पांढऱ्या साडीत आली तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही, कानामागे टेस्टर नव्हता. लग्न लावणारे काका नात्यातले, धाडचेच, त्यांचा आवाज माइकशिवायही वेशीपर्यंत जाईल असा. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, वंदना सुरू करणार तोच माझ्या पर्समध्ये फोन वाजला. देशमुख सर.

"मॅडम, रत्नाचा फोन बंद हाये. तिले द्या लवकर!"

"सर, ती मांडवात आहे. आता वंदना…"

"सर्व्हर उठून नाई राह्यला!"

मी काय करावं न कळून फोन हातात घेऊन उभी राहिले. रत्नमालाने मंचावरूनच माझा चेहरा वाचला. "ताई, आना इकडे," तिने हात पुढे केला.

मंचावर फोन दिला. गर्दीच्या आवाजात तिला ऐकू येईना, म्हणून संदीपने फोन स्पीकरवर टाकून माइकपाशी धरला. देशमुख सर साऱ्या मांडवाला ऐकू यायला लागले.

"काल वीज जास्त आली अन् कार्ड जळलं. मी सकाळी नवीन आनून बसवलं. मशीन चालू हाये. फाइलीत येस हाये, म्या डोळ्यानं पाह्यलं. येस असून उठत नाई! पोट्टे बाहेर उभे, परीक्षक घड्याळ पाहून राह्यले."

रत्नमालाने लग्न लावणाऱ्या काकांकडे पाहिलं. काकांनी माइकजवळ वाकून म्हटलं, "आपल्यात मुहूर्त नसते बाई. पहिले पोट्ट्यांची परीक्षा होऊ दे. लग्न कुठं पळून नाई जात."

"सर, जुनं कार्ड बोर्डावरच होतं ना? नवीन वेगळ्या खाचेत टाकलं?"

"हाव."

"मंग त्याचं नाव बदललं. फाइल जुन्याच्या नावाची हाये. तुम्ही येस म्हनून राह्यले ते गेलेल्या कार्डाले. नव्याले कोनी हाकच नाई मारली."

मांडवात हशा झाला. संदीप, ज्याला मी तोवर चार शब्द सलग बोलताना ऐकलं नव्हतं, तो हळूच म्हणाला, "नाव बदललं का असं होते?" पण उभा माइकपाशीच होता, त्यामुळे तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हून तं मी वानखडेच राह्यनार हाये," ती म्हणाली.

आता असं हसू उसळलं की पंख्यांचा आवाज बुडाला. पुढे बसलेली संदीपची आई शेजारणीला म्हणाली, "सून नाई आनली मी, विजेचं हापिस आनलं!" आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसत सुटली.

मग रत्नमालाने एकेक गोष्ट सांगितली. नवीन कार्डाचं नाव पडद्यावर कसं पाहायचं ते. सरांनी ते अक्षर अक्षर वाचलं.

"शेवटी शून्य हाये का ओ, कळून नाई राह्यलं!"

"शून्य, सर! गणिताचे सर तुम्ही, शून्य नाई ओळखत?"

जुनी फाइल नव्या नावाने उतरवून घेतली. आत जिथे जिथे जुनं नाव होतं तिथे नवं. जुन्या कार्डाची ओळख सांगणारी ओळ पुसून टाकली. येस होतं ते तसंच ठेवलं. मग सरांनी त्यांची ती जुनी, पाठ असलेली आज्ञा टाइप केली. फोनमध्ये कीबोर्डचा आवाज आला आणि पाठोपाठ सरांची आरोळी.

"उठलं! मॅडम, उठलं!"

मांडवात टाळ्या पडल्या. मागच्या बाजूच्या पोरांनी लग्नाची फुलं तेव्हाच उधळायला सुरुवात केली. काकांनी वंदनेसाठी हात जोडले.

"थांबा," रत्नमाला म्हणाली. "सर, आता मशीन बंद करा अन् तार ओढा."

टाळ्या थांबल्या. 

"काय म्हनते?" सर म्हणाले.

"तार ओढा."

"रत्ना, चालू हाये ना आता! परीक्षक आत येऊन बसले. बंद केलं अन् नाई उठलं तं?"

"नाई उठलं तं आता मी हाये. दुपारी वीज गेली अन् नाई उठलं, तं मी जीपमधी असन, रेंज नसन, अन् पोट्ट्यांचे पेपर अर्धे लिहिलेले असन. आता त्याइनं काहीच लिहिलं नाई. आताच पाहू द्या."

मांडवातून दोनतीन आवाज आले. तिच्या वडिलांनी, ते नुसते डोक्याला हात लावून उभे होते, म्हटलं, "अगं, चालून राह्यलं तं चालू दे!" ती त्यांच्याकडे वळली. चेहरा हसराच होता, पण आवाज हलला नाही.

"बाबा, प्रतीक्षाच्या घरचे पुढच्या महिन्यात तिचं लग्न करून राह्यले. तिले दुसऱ्यांदा परीक्षेले कोन पाठवन?"

 काका म्हणाले, "ओढा सर."

सरांनी मशीन बंद केलं. तार ओढल्याचं त्यांनी सांगितलं. परत लावल्याचं सांगितलं.

"आता हात लावू नका. बाहेर जाऊन बसा."

"हाव," सर म्हणाले. त्यांच्या पावलांचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला कळलं, ते माझ्या ग्रंथालयात जाऊन बसले होते.

सारा मांडव उभा राहिला. कोणी उठा म्हटलं नव्हतं. स्वयंपाकाकडची माणसं झारे हातात घेऊन पुढे आली. पांढऱ्या साडीतली रत्नमाला मंचावर दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी, आणि तिच्याशेजारी संदीप, फोन धरून, तिच्याइतकाच अवघडलेला. फोनमधून फक्त सरांचा श्वास. मला वाटलं, हे नाही उठलं तर या मुलीच्या लग्नाच्या आठवणीला कायमची एक काजळी लागेल, आणि ती तिने आपल्या हाताने लावून घेतलेली असेल.

मग लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा, एका मुलीचा आवाज आला. "सर! ओ सर! आलं! पडद्यावर नाव विचारून राह्यलं!"

ती प्रतीक्षा होती.

रत्नमालाने डोळे मिटले आणि सोडलेला श्वास माइकमधून सगळ्यांना ऐकू गेला. मग ती हसली, आणि मग साऱ्या मांडवानेच जो काही गोंधळ केला, त्यातून वंदना सुरू व्हायला बराच वेळ लागला. तिची सासू मंचावर चढली आणि सर्वांदेखत सुनेचा गालगुच्चा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी देशमुख सरांना विचारलं, "काल दुपारी वीज गेली होती का?"

"गेली होती ना. भर परीक्षेत गेली."

"मग?"

"मंग काय? आली. पोट्ट्याइनं पुढं लिहिलं. मी चहा पेऊन राह्यलो होतो." ते इतक्या साध्या सुरात म्हणाले, की मलाच हसू आलं.

प्रतीक्षा पास झाली. परीक्षेचा निकाल हातात घेऊन तिने घरी काय सांगितलं कोण जाणे, पण तिचं लग्न पुढे गेलं आणि ती बुलढाण्याला नोकरीला लागली. रत्नमाला वर्षभर मोताळ्याहून ये-जा करत राहिली, मग तिकडेच तिला काम मिळालं आणि तिने आमचं कॉलेज सोडलं. तिच्या निरोपाला भाषणं झाली नाहीत. तिनेच टाळ्या वाजवून सगळ्यांना भजी खायला लावली.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. मोताळ्याला माझी भाची राहते, तिच्याकडे गेले होते, आणि बाजाराचा दिवस होता. जीपच्या थांब्यावर मिरच्यांच्या पोत्यांशेजारी ओळखीचं हसू ऐकू आलं. जीपच्या मागच्या फळीवर रत्नमाला बसली होती, पाय बाहेर सोडून. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला एक मोठा चौकोनी बोजा, दोन्ही हातांनी कवळलेला. आत सीटांखाली तसेच आणखी बोजे दिसत होते.

"ताई!" ती ओरडली. "उतरता येत नाई, माफ करा. जुने संगनक हायेत. एका खेड्यातल्या पोरींच्या शाळेत घेऊन चालली. तिथल्या बायाइनं खोली सारवून ठेवली हाये, आज लावले नाई तं त्या मले आत घेनार नाई!"

मी जवळ जाऊन तिच्या गालाला हात लावला. बोलायला वेळच नव्हता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शेवटच्या क्षणी एक म्हातारी कोंबड्यांची दुरडी घेऊन तिच्याशेजारी फळीवर चढली. रत्नमालाने सरकून जागा दिली आणि दुरडीकडे संशयाने पाहिलं.

"मावशी, कोंबडी उडनार तं नाई ना?"

म्हातारीने गोधडीकडे तितक्याच संशयाने पाहिलं. "तुहा टीव्ही उडनार तं नाई ना?"

जीप सुटली. बाजाराच्या वळणावर ती एका अंगाला कलली, तशी दोघींनी एकाच वेळी आपापला बोजा छातीशी धरला, आणि मग एकमेकींकडे बघून त्या अशा हसत सुटल्या, की मिरच्या तोलणाऱ्या माणसाने तराजू तसाच धरून मान वळवली.